माथेरान : फिरणारे आणि फिरवणारे

माथेरानचा नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नऊ वर्षांचा होतो. १९७९ चा मे महिना होता. वडिलांनी बाजारातल्या एका दुकानातून घडीचा नकाशा विकत घेतला आणि खाणावळीच्या ओट्यावर पसरला. त्यावर तीसेक नावं होती. पॅनोरमा, अलेक्झांडर, लिटल चौक, वन ट्री हिल, लुइझा, पॉर्क्युपाइन, हार्ट, मलंग. वडील बोट ठेवून एकेक नाव वाचत होते. आजी शेजारी बसून ऐकत होती. यादी संपल्यावर तिनं विचारलं, “या सगळ्या ठिकाणी देवळं आहेत का रे?”

वडील म्हणाले, “नाही आई. तिथं जाऊन नुसतं खाली बघायचं असतं.”

आजीला हे पटायला बराच वेळ लागला. जेजुरी, आळंदी, वणी ही तिची प्रवासाची ठिकाणं. डोंगर चढायचा तर वर कोणीतरी बसलेलं असायला हवं, हे तिच्या दृष्टीनं उघड होतं. नुसतं खाली बघण्यासाठी पैसे खर्चून वर यायचं ही कल्पना तिला जरा वेडगळ वाटली असावी. पण ती बोलली नाही. मुलगा हौसेनं घेऊन आला होता.

मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. नोकरी सांभाळून जुनी गॅझेटियरं, प्रवासवर्णनं, रेल्वेची कागदपत्रं वाचण्याचा नाद लागला, तो आता पन्नाशी उलटल्यावरही सुटत नाही. या वाचनात माथेरान आलं की आजीचा तो प्रश्न आठवतो. कारण प्रश्न भाबडा असला तरी नेमका होता. डोंगराच्या टोकाला जाऊन नुसतं बघणं ही करमणूक कधी झाली? आणि ती करमणूक कोणाच्या जोरावर उभी राहिली?

आपल्या भाषेत कड्यांसाठी शब्दांची कमतरता नाही. कडा, टोक, सुळका, नाळ, घळ, खिंड, माची, सोंड. पण यातला एकही शब्द मजेशी जोडलेला नाही. टोक म्हणजे जमीन संपते ती जागा. तिथं जायचं कारण असेल तर पहाऱ्याचं. रायगडावरचं टकमक टोक आज पर्यटकांचं आवडतं ठिकाण आहे, पण त्याची ख्याती कडेलोटाची होती. गुराख्याच्या लेखी कड्याची धार म्हणजे जिथून जनावर परत वळवायचं ती रेषा. या जागेला ‘पॉइंट’ म्हणणं, तिथं कठडा आणि बाक घालणं, सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे जाण्याची रीत पाडणं हे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांनी आपल्याकडे आणलं. आपण ते इतकं आपलंसं केलं की आज गावोगावच्या टेकड्यांवर सनसेट पॉइंटच्या पाट्या दिसतात आणि ‘पॉइंट’ला मराठी प्रतिशब्द शोधावासाही कोणाला वाटत नाही.

नावं कशी बदलली याचा एक नमुना महाबळेश्वरला आहे. सावित्रीच्या खोऱ्यावर झुकलेल्या तिथल्या कड्याला स्थानिक लोक मढीमहाल म्हणत. तो आर्थर सीट झाला, आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याच्या नावावरून. माथेरान ज्यानं ‘शोधलं’ असं आपण शाळेपासून वाचतो, तो ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट या आर्थरचाच भाऊ. या दोघांचे वडील चार्ल्स मॅलेट मराठी वाचकाला परके नाहीत. सवाई माधवरावांच्या काळात पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता तोच हा. बापानं दरबारात बसून टिपूविरुद्धच्या तहाच्या वाटाघाटी केल्या आणि साठ वर्षांनी मुलं सह्याद्रीच्या कड्यांवर नावं ठेवत फिरली. मधल्या काळात काय बदललं ते सांगायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

ह्यू मॅलेट १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर होता. मे महिन्यात त्याचा मुक्काम डोंगराच्या दक्षिण पायथ्याला, चौक इथं होता. एका संध्याकाळी तो सहज म्हणून अर्ध्या डोंगरापर्यंत चढून गेला. जागा आवडली, म्हणून दुसऱ्या दिवशी चौक पॉइंट आणि वन ट्री हिल यांच्या मधल्या ओढ्याच्या घळीतून थेट माथ्यावर पोचला. तिथल्या एका झऱ्याचं पाणी बाटलीत भरून घेतलं आणि रामबागेच्या वाटेनं उतरला. पाणी आहे म्हणजे राहता येईल, हा त्यामागचा हिशोब. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर तो परत आला आणि त्यानं झोपडी उभारली. पुढे बंगला बांधायला घेतला. त्याचं नाव ‘बाइक’.

हा वृत्तांत १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा एका तपशिलावर अडखळलो. मॅलेटनं बाटली भरली तो झरा पिसारनाथाच्या देवस्थानाजवळचा. म्हणजे शोध लागला त्या दिवशी झऱ्याशेजारी डोंगराचा देव होता. देव आहे तिथं पूजा करणारे आले, आणि पूजा करणारे आले म्हणजे वाट आली. वर चढायला एक आणि उतरायला दुसरी अशा दोन वाटा साहेबाला एका दिवसात मिळतात, त्या कोणीतरी आधी पायांनी तुडवलेल्या असतात. आजीच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर ‘हो’ असं होतं. एका ठिकाणी तरी देऊळ होतं आणि ते सगळ्यांच्या आधीपासून होतं.

कोण होते हे लोक? गॅझेटियर आणि त्याआधी, १८७१ मध्ये आलेलं डॉक्टर जॉन स्मिथ यांचं माथेरानवरचं पुस्तक, दोन्हींत डोंगरावरच्या आणि उतारावरच्या धनगर, ठाकूर आणि कातकरी समाजांची माहिती येते. स्मिथ यांच्या पुस्तकाच्या नावातच डोंगरावरची माणसं, झाडं आणि प्राणी असा क्रम आहे. माणसं पहिली घेतली हे चांगलं, पण झाडंप्राण्यांच्या पंगतीत घेतली हेही खरं. माथेरान या नावाचे दोन अर्थ सांगितले जातात, माथ्यावरचं रान आणि मातेचं रान. दोन्हींत रान आहे, पॉइंट नाही.

गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी पुढे या जागेला आश्रय दिला. योग असा की १८५३ मध्ये ते मुंबईत आले आणि त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत गेले आणि नेरळ मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर आलं. महाबळेश्वरला जायला दिवस लागत. माथेरानला शनिवारी निघून सोमवारी कचेरीत परतणं शक्य झालं. मुंबईच्या मोठ्या पारशी, बोहरी, गुजराती घराण्यांनी बंगले बांधले. ‘हवा खायला जाणं’ आणि ‘हवापालट’ हे शब्द पांढरपेशा मराठीत रुळले ते अशाच ठिकाणांमुळे.

पण नेरळला गाडीतून उतरल्यावर पुढे काय? वर सुमारे ८०० मीटर उंचीचा माथा आणि त्यावर जाणारा सातेक मैलांचा घाट. तो चढायची साधनं म्हणजे तट्टू, पालखी आणि तोंजोन. तोंजोन म्हणजे दांड्याला टांगलेली उघडी खुर्ची, माणसांनी खांद्यावर वाहायची. सामान डोक्यावर. वर पोचल्यावर साहेब आणि शेठ हौसेनं पायी फिरत. रस्ते झाडीतून, वळणं घेत, दम लागू नये अशा बेतानं काढलेले. गाड्यांचा धुरळा नाही, चाकांचा आवाज नाही. निवांत पायी चालणं हीच इथली मुख्य करमणूक ठरली. माणसं इथं चालायला येत आणि इथवर मात्र दुसऱ्याच्या पायांनी येत.

आता रेल्वेची गोष्ट. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले बडे बोहरी उद्योगपती. त्यांच्याबद्दल एक दंतकथा नेरळ-माथेरानमध्ये अजून सांगितली जाते. एकदा ते नेरळला उतरले, तर सगळी तट्टं आणि पालख्या आधीच भाड्यानं गेलेल्या. वर जाता येईना. तेव्हा त्यांनी ठरवलं की इथं आगगाडी आणायची. ही कथा खरी असो वा रचलेली, मला ती फार बोलकी वाटते. भाड्याचे पाय कमी पडले म्हणून रूळ आले, असं लोकस्मृती सांगते आहे. सिद्ध झालेली गोष्ट अशी, की त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केलं, सुमारे १६ लाख रुपये खर्च झाला आणि मार्च १९०७ मध्ये गाडी धावू लागली. दोन फूट रुंदीचा मार्ग, वीस फुटांत एक फूट असा चढ, आणि ती घोड्याच्या नालेसारखी वळणं पार करणारी खास जर्मन बनावटीची इंजिनं. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्थानकं. बोगदा एकच, तोही इतका आखूड की त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात. नाव कोणा रसिकानं ठेवलं असेल तो असो, पण आजीबरोबर प्रवास करणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ विचारण्याची चोरी होती.

गाडी आली म्हणून पायांचं काम संपलं नाही. ते वर सरकलं. स्थानकापासून हॉटेलापर्यंत, हॉटेलापासून पॉइंटापर्यंत. मोटारींना माथ्यावर बंदी होती आणि आहे. त्या दस्तुरी नाक्याला थांबतात. पुढचं सगळं घोडा, हमाल आणि हातरिक्षा यांच्यावर असे.

१९७९ ला आम्ही ही हातरिक्षा केली, आजीसाठी. तिचे गुडघे दुखत. ओढायला एक, ढकलायला दोन असे तिघेजण. मी आजीच्या मांडीवर बसलो. लाल मातीचा रस्ता, पाऊलभर धूळ, आणि माझ्या डोळ्यांसमोर सतत एक घामानं भिजलेली पाठ. लुइझाच्या वाटेवर एक चढ लागला. मागून चालणाऱ्या वडिलांनी रिक्षाला हात लावला. ढकलणाऱ्यांपैकी एकानं त्यांचा हात हळूच बाजूला केला. रागानं नाही, एखाद्याच्या कामात आपण लुडबूड केली की तो जसा थांबवेल तसा. पॉइंटवर पोचल्यावर आजी उतरली, तिनं दरीकडे एकदा पाहिलं आणि वडिलांना म्हणाली, “बघून झालं. आता आधी त्या लेकरांना चहा पाज.” त्या तिघांपैकी एकजण तरी वडिलांपेक्षा मोठा असावा.

या रिक्षा ओढणाऱ्यांच्या, हमालांच्या, घोडेवाल्यांच्या, न्हाव्या-धोब्यांच्या वस्तीतून आलेलं एक नाव मात्र महाराष्ट्राला माहीत आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. त्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानमध्येच, नाभिक कुटुंबात. रूळ येऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. मुलगा शिकला, वकील झाला. वकील झाल्यावर तो माथ्यावरच्या बंगल्यांकडे वळला नाही, डोंगराखालच्या कर्जत परिसरातल्या सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्यांकडे गेला. त्यांच्यासाठी धान्याच्या पेढ्या काढल्या, शाळा सुरू केल्या. ४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं.

मी अलीकडे पॅनोरमा पॉइंटला उभा राहतो तेव्हा माझ्या डोक्यात हे असतं. पूर्वेला सह्याद्रीची मुख्य रांग, तिच्या कुशीत सिद्धगड. खाली कर्जत-नेरळची भातखाचरं. पर्यटक उगवत्या सूर्याचे फोटो काढतात. हाच देखावा त्या मुलानं लहानपणापासून पाहिला असणार. त्याला त्यात शेतं दिसली आणि शेतांवरचं कर्ज दिसलं. हा तर्क माझा आहे, कागदाचा आधार मागू नये.

स्वातंत्र्यानंतर मराठी माणसानं डोंगरात फिरण्याची वेगळी वाट धरली. गो. नी. दांडेकरांनी एका पिढीला गडांवर नेलं. पाठीवर पिशवी, खांद्यावर दोर, मुक्काम देवळात. ऐंशीच्या दशकात मीही त्यातलाच एक होतो. आम्हाला माथेरानची टिंगल करायला फार आवडे. चिक्की, चपला आणि घोडे यांचं गाव! आम्ही माथेरानला जायचो ते ‘खऱ्या’ वाटेनं. भिवपुरीहून गारबट, रूळ सोडून पेबचा किल्ला, चौककडून रामबाग, धोदाणीहून थेट सनसेट पॉइंट. आपण कोणाच्या पाठीवर बसून आलो नाही याचा केवढा अभिमान!

धोदाणीच्या वाटेवर एका पहाटे आमची घमेंड उतरली. अर्ध्या चढावर बसून धापा टाकत होतो. मागून बायकांची रांग आली. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत करवंदं आणि जांभळं, वर पळसाची पानं झाकलेली. आम्हाला बाजूला सरायला सांगून त्या न थांबता वर गेल्या. दोन तासांनी त्या बाजारात बसलेल्या दिसल्या. आमचा ‘ट्रेक’ हा त्यांचा बाजाराचा रस्ता होता. मॅलेटच्या बाटलीचा प्रसंग मी नंतर वाचला, पण तो मला कळला त्या पहाटेमुळे.

पुढचा इतिहास बहुतेकांना वर्तमानपत्रांतून ठाऊक आहे. २००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा परिसर केंद्र सरकारनं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. वाहनबंदीला त्यामुळे बळ आलं. २६ जुलै २००५ च्या पावसानं रूळ वाहून गेले आणि गाडी परत सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच, आणि या वेळी नेरळहून गाडी यायला २०२२ चा ऑक्टोबर लागला. अशा काळात गाव कसं चालतं हे मी पाहिलं आहे. सिलिंडर, भाज्या, सिमेंट, सगळं घोड्यांवर आणि हातगाड्यांवर. आगगाडी थांबली की माथेरान १९०७ च्या आधीच्या काळात जातं आणि तरी चालू राहतं.

वाद पेटला तो ई-रिक्षांवरून. एका बाजूला हातरिक्षा ओढणारे, ज्यांना गुरासारखं ओझं ओढण्यातून सुटका हवी होती. शाळेची मुलं आणि म्हातारेकोतारे, ज्यांना रोज दस्तुरीपर्यंतची पायपीट होती. दुसऱ्या बाजूला घोडेवाले. इथं परवान्याचे साडेचारशेहून अधिक घोडे आहेत, आणि ई-रिक्षा आली की पोटावर पाय येणार ही त्यांची भीती खोटी नव्हती. मग रस्त्यावर पेव्हर ब्लॉक घालण्याचा प्रश्न आला. लाल माती पावसात वाहून जाते, टापांखाली झिजते, हे खरं. ब्लॉकवरून घोडे घसरतात, असं घोडेवाले म्हणतात. बाहेरून येणाऱ्यांना तर लाल मातीचा रस्ता हाच माथेरानचा आत्मा वाटतो. मलाही वाटतो. पण मी तिथं वर्षातून चार दिवस असतो, म्हणून माझ्या मताला चार दिवसांचंच वजन द्यावं.

सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली. त्यानंतर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं माणसानं माणसाला ओढण्याची ही पद्धत अमानवी ठरवली आणि सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आदेश दिला. ओढणाऱ्यांचं पुनर्वसन ई-रिक्षा देऊन करावं, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असंही बजावलं. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक घालायला मुभा मिळाली, आतल्या रस्त्यांना आणि पायवाटांना नाही.

निकाल वाचून मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. सेहेचाळीस वर्षांपूर्वी त्या रिक्षात मी बसलो होतो. इतकी वर्षं ते चाललं, कारण आपल्याला ते ‘जुन्या काळचं’, गमतीचं, फोटो काढण्यासारखं वाटत होतं. माझं एक म्हणणं मात्र नोंदवतो. ई-रिक्षा ज्याच्या हाती जाईल तो कालपर्यंत ओढणाराच असला पाहिजे. परवाना त्याच्या नावावर आणि गाडी भलत्याच्या मालकीची, असं झालं तर घामाची जागा तेवढी बदलेल. शिवाय दस्तुरीला डोक्यावर दोन बॅगा आणि खांद्याला तिसरी घेऊन चालणारा हमाल कोणत्याच आदेशात नाही. टोपलीवाल्या बायका तर कधीच कशात नव्हत्या.

गेल्या मे महिन्यात संध्याकाळी सनसेट पॉइंटला गेलो होतो. पॉर्क्युपाइन हे जुनं नाव आता कोणी घेत नाही. गर्दी भरपूर. सूर्य मावळला, टाळ्या पडल्या, मग सगळे बाजाराकडे वळले. कोणी पायी, कोणी घोड्यावर. त्या गर्दीतून उलट्या दिशेनं चार बायका आल्या. रिकाम्या टोपल्या एकात एक घातलेल्या, कमरेला पैशांचा बटवा, हातात बाजारातून घेतलेलं तेल-मीठ. कठड्याला वळसा घालून त्या धोदाणीच्या वाटेला लागल्या. पहिल्या वळणावर सर्वांत पुढची थांबली, मोबाइलचा उजेड लावला आणि उतरायला लागली. बराच वेळ तो उजेड झाडीतून खाली जाताना दिसत होता.